रंग चालेल, अक्षर नको : सिडनी ऑपेरा हाउसच्या शिडांवरील तात्पुरत्या कलेचे प्रकरण

9 ऑक्टोबर 2018 रोजी, मंगळवारी संध्याकाळी, सिडनी ऑपेरा हाउसच्या प्रांगणात हजारभर नागरिक हातात विजेऱ्या आणि मोबाइल घेऊन जमले होते. इमारतीच्या पांढऱ्या शिडांवर, म्हणजे शिडांच्या आकाराच्या तिच्या छतांवर, घोड्यांच्या एका शर्यतीची जाहिरात प्रोजेक्टरने उमटवली जाणार होती. ती उमटू लागताच या लोकांनी आपापल्या विजेऱ्यांचे झोत त्याच शिडांवर रोखले आणि ती पुसट करण्याचा प्रयत्न केला. प्रकाशाने प्रकाश पुसण्याचा हा उद्योग तांत्रिकदृष्ट्या फारसा यशस्वी होण्यासारखा नव्हताच, कारण काही शे मीटरवरून येणाऱ्या शक्तिशाली प्रोजेक्टरपुढे हातातल्या विजेरीचा पाड लागत नाही. इमारतीला त्या रात्री ओरखडाही उमटला नाही. तरीही जागतिक वारसा असलेल्या नाट्यगृहाच्या बाह्यांगावर तात्पुरती कला कोणी, कोणाच्या परवानगीने आणि कोणत्या अटींवर करवून घ्यावी, या प्रश्नाचा अभ्यास करायचा तर त्या संध्याकाळइतके बोलके उदाहरण दुसरे सापडणे कठीण आहे.

एरवी वारसा इमारतींच्या बाबतीत पहिला प्रश्न विचारला जातो तो इजेचा. खिळा ठोकला जाणार आहे का, रंग दगडात मुरेल का, काम उतरवल्यावर भिंत पूर्ववत होईल का, या प्रश्नांची उत्तरे समाधानकारक असली की निम्मी परवानगी मिळाल्यासारखीच असते. प्रकाश या कसोटीवर नेहमीच उत्तीर्ण होतो. ऑपेरा हाउसच्या प्रकरणाचे महत्त्व हे, की इजेचा मुद्दा बाजूला ठेवल्यावरही वाद शिल्लक राहिला, उलट तो तेथूनच सुरू झाला.

ज्या पृष्ठभागावर चित्र पडते तो

डेन्मार्कचे वास्तुरचनाकार यॉर्न उट्झॉन यांनी 1957 साली या इमारतीची आंतरराष्ट्रीय स्पर्धा जिंकली, 1959 मध्ये बेनेलाँग पॉइंटवर काम सुरू झाले, 1966 मध्ये सरकारशी न पटल्याने उट्झॉन काम सोडून गेले आणि 20 ऑक्टोबर 1973 रोजी राणी एलिझाबेथ यांच्या हस्ते उद्घाटन झाले. सुरुवातीला 70 लाख डॉलरचा अंदाज असलेले हे काम पूर्ण होईपर्यंत खर्च 10 कोटी 20 लाख डॉलरवर गेला होता. हा इतिहास अनेकांना माहीत असतो. प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने त्याहून महत्त्वाच्या आहेत त्या टाइल्स.

शिडांवर एकूण 10,56,006 टाइल्स आहेत आणि त्या स्वीडनमधील होगानेस या कंपनीने बनवल्या. लांबून अखंड पांढरे वाटणारे शीड जवळून पाहिले तर पांढरे नसतेच. मधल्या टाइल्स चकचकीत पांढऱ्या, तर कडेच्या टाइल्स मंद, बिनचमकीच्या आणि सायीच्या रंगाकडे झुकणाऱ्या असतात. या दोन प्रकारांच्या मांडणीतून शिडांवर बाणाच्या टोकासारखी नक्षी उमटते आणि दिवसाचा प्रकाश बदलेल तशी ती कधी ठळक होते, कधी विरघळते. म्हणजे कोणत्याही कलावंताला पाचारण करण्यापूर्वीच या इमारतीच्या अंगावर प्रकाशाचा एक खेळ रोज चालू असतो, आणि तो उट्झॉन यांनी जाणीवपूर्वक रचलेला आहे.

येथे चित्र टाकणाऱ्याला या गोष्टींशी जुळवून घ्यावेच लागते. बिनचमकीची टाइल प्रकाश चहूकडे विखुरते, तर चकचकीत टाइल तो एका दिशेला परतवते, त्यामुळे एकच रंग दोन्हींवर सारखा दिसत नाही. प्रोजेक्टर काळा रंग टाकू शकत नाही. काळा म्हणजे केवळ प्रकाश नसलेली जागा, आणि शहराच्या दिव्यांत उजळलेल्या पांढऱ्या टाइल्सवर ती जागा करडीच दिसते. पडदा सपाट नसून गोलाकार असल्याने चित्र आधी संगणकातील त्रिमितीय प्रतिकृतीवर वाकवून, ताणून घ्यावे लागते, म्हणजे ते प्रत्यक्ष शिडावर सरळ दिसते. त्या बाबतीत उट्झॉन यांचीच एक युक्ती उपयोगी पडते: सर्व शिडे साधारण 75 मीटर त्रिज्येच्या एकाच कल्पित गोलाचे तुकडे आहेत, त्यामुळे त्यांची भूमिती मांडणे त्यामानाने सुटसुटीत होते. जे गणित 1960 च्या दशकात काँक्रीटच्या फासळ्या ओतणे शक्य व्हावे म्हणून शोधले गेले, ते अर्ध्या शतकाने चित्र पाडणाऱ्यांच्या कामी आले.

इजेच्या मुद्द्याचेही एक उदाहरण या इमारतीच्या इतिहासात आहे. 18 मार्च 2003 रोजी, इराक युद्धाच्या तोंडावर, दोन आंदोलक सर्वांत उंच शिडावर चढले आणि त्यांनी लाल रंगात ‘युद्ध नको’ अशा अर्थाचे दोन इंग्रजी शब्द रंगवले. त्यांना नऊ महिन्यांची, ठरावीक दिवशी तुरुंगात हजर राहण्याची शिक्षा झाली आणि रंग काढण्याच्या खर्चापोटी 1,51,000 डॉलर भरण्याचा आदेश मिळाला. तेव्हा न्याय सोपा होता, कारण भौतिक नुकसान उघड होते. 2018 मध्ये तशी सोय नव्हती.

काम सोपवण्याची रीत

2009 मध्ये सिडनीत ‘व्हिव्हिड’ हा प्रकाश आणि संगीताचा उत्सव सुरू झाला आणि पहिल्याच वर्षी संगीतकार ब्रायन ईनो यांच्या सतत बदलत राहणाऱ्या चित्रमालिकेने शिडे रंगली. त्यानंतर दरवर्षी, कोविडमुळे रद्द झालेली 2020 आणि 2021 ही वर्षे वगळता, शिडांसाठी एका कलावंताला किंवा कलासमूहाला काम सोपवण्याची परंपरा रुळली. उत्सव मे महिन्याच्या अखेरीपासून जूनच्या मध्यापर्यंत चालतो. तेव्हा तिकडे थंडी असते, पर्यटक कमी असतात, अंधार लवकर पडतो. प्रोजेक्टर इमारतीवर नसतातच, ते खाडीच्या पलीकडे, प्रवासी जहाजांच्या धक्क्यावर उभारले जातात आणि चित्र पाण्यावरून शिडांपर्यंत पोहोचते.

येथे एक गोष्ट स्पष्ट करणे प्रामाणिकपणाचे ठरेल. व्हिव्हिड हा सरकारी पर्यटन संस्थेचा उत्सव आहे, हॉटेले भरावीत हा त्याचा उघड हेतू आहे आणि त्याला प्रायोजकही असतात. तेव्हा एका बाजूला निर्मळ कला आणि दुसऱ्या बाजूला बाजार अशी विभागणी करून या प्रकरणाकडे पाहणे भाबडेपणाचे होईल. फरक हेतूत कमी आणि रीतीत जास्त आहे. कलावंताची निवड कलेची जाण असणारे लोक करतात, काम त्या विशिष्ट पृष्ठभागासाठी घडवले जाते, मुदत आधी ठरलेली असते, आणि शिडावर जे दिसते ते प्रायोजकाच्या नावाने नव्हे तर कलावंताच्या नावाने ओळखले जाते.

ही रीत फळली की काय होते, याची दोन-तीन उदाहरणे देण्याजोगी आहेत. 2012 मध्ये अर्बनस्क्रीन या जर्मन समूहाने शिडे कापडाची असल्याचा आभास निर्माण केला. ती वाऱ्याने फडफडताना दिसली आणि त्यांच्यावर अजस्र माणसे लोळू लागली. ज्या इमारतीला सगळे जग शिडांची उपमा देते, तिच्यावर ती उपमा शब्दशः खरी करून दाखवणे ही कल्पना सोपी वाटते, परंतु ती दुसऱ्या कोणत्याही इमारतीवर अर्थहीन ठरली असती. 2016 चे ‘साँगलाइन्स’ हे त्याहून गंभीर काम होते. ऑपेरा हाउसच्या आदिवासी कार्यक्रमांच्या प्रमुख रोडा रॉबर्ट्स यांच्या दिग्दर्शनाखाली सहा आदिवासी कलावंतांची चित्रे त्यात एकत्र आणली गेली. त्यांपैकी गुलुंबू युनुपिंगू यांचे आधीच निधन झालेले होते. ही जागा मुळात गाडिगल लोकांची, तिचे त्यांच्या भाषेतले नाव टुबोगुली. ज्यांच्या भूमीवर इमारत उभी आहे त्यांच्या परंपरांना तिच्या माथ्यावर जागा मिळण्यास उद्घाटनानंतर 43 वर्षे लागली, आणि ती मिळाली ती तात्पुरत्या माध्यमातून. पुढच्याच वर्षी ‘बाडू गिली’ हा आदिवासी कलेचा छोटा प्रकाशपट पूर्वेकडील बेनेलाँग शिडांवर नियमित दाखवला जाऊ लागला. या नावाचा अर्थ पाणी आणि प्रकाश.

2023 मध्ये, इमारतीच्या पन्नासाव्या वर्षी, चित्रकार जॉन ओल्सेन यांची चित्रे शिडांवर आली. ओल्सेन यांचे भव्य भित्तिचित्र 1973 पासून आत, मुख्य संगीतसभागृहाच्या उत्तरेकडील दालनात आहे. कायमसाठी सोपवलेले काम आतल्या भिंतीवर आणि काही रात्रींपुरते सोपवलेले बाहेरच्या शिडांवर, अशी एकाच चित्रकाराची दोन टोके त्या वर्षी जुळली. ते पाहायला ओल्सेन मात्र राहिले नाहीत, एप्रिलमध्येच वयाच्या 95 व्या वर्षी ते वारले. 2024 मध्ये जूलिया गटमन यांनी कापडाचे तुकडे जोडून शिवलेल्या आकृती शिडांवर हलत्या केल्या. आपल्याकडच्या वाचकाला गोधडीचीच आठवण यावी असे ते काम होते, आणि टाइल्सच्या जोडरेषांवर टाक्यांच्या रेषा पडताना पाहण्यात एक वेगळीच गंमत होती.

शर्यतीची सोडत

‘द एव्हरेस्ट’ ही रँडविकच्या मैदानावरील 1200 मीटरची शर्यत 2017 मध्ये सुरू झाली आणि 2018 मध्ये तिच्या बक्षिसांची रक्कम 1 कोटी 30 लाख ऑस्ट्रेलियन डॉलर होती. शर्यतीआधी कोणता घोडा सुरुवातीच्या कोणत्या खणातून सुटणार याची सोडत काढतात. महालक्ष्मीला जाणाऱ्यांना या ड्रॉचे महत्त्व सांगायला नको. ही सोडत शिडांवर प्रकाशाने दाखवावी, अशी शर्यतीच्या आयोजकांची मागणी होती.

ऑपेरा हाउसच्या मुख्य कार्यकारी अधिकारी लुईज हेरन यांनी सरसकट नकार दिला नव्हता, हे अनेकदा विसरले जाते. जॉकींच्या पोशाखांचे रंग शिडांवर दाखवण्यास त्यांची तयारी होती. घोड्यांची नावे, आकडे, शर्यतीचे बोधचिन्ह यांना मात्र त्यांनी विरोध केला. यामागे केवळ व्यक्तिगत अभिरुची नव्हती. 2017 मध्ये स्वीकारलेल्या संवर्धन आराखड्याच्या चौथ्या आवृत्तीत, बाहेरून रंगीत प्रकाश किंवा चित्रे टाकणे हे अपवादात्मक, अव्यावसायिक आणि अल्पकालीन प्रसंगांपुरते असावे, असे धोरण नोंदवलेले होते. हेरन यांनी त्या धोरणाचा शक्य तितका सैल अर्थ लावला आणि एक रेघ ओढली: रंग चालेल, अक्षर नको.

मराठी वाचकाला ही रेघ क्षणभर विचित्र वाटू शकेल. आपल्या नाट्यगृहांची दर्शनी बाजू अक्षरांनीच सजते, आणि दारात ‘हाउसफुल्ल’चा फलक लागला की निर्मात्यालाच काय, प्रेक्षकालाही समाधान वाटते. परंतु ते फलक आत चाललेल्या प्रयोगाचे असतात. शर्यत ऑपेरा हाउसमध्ये नव्हती, तिचा त्या वास्तूशी असलेला संबंध एवढाच की वास्तू लांबून दिसते आणि टीव्हीवर चांगली दिसते.

5 ऑक्टोबर रोजी रेडिओ निवेदक अ‍ॅलन जोन्स यांनी हेरन यांची प्रक्षेपणावर उलटतपासणी केली, त्यांना कामावरून काढण्याची भाषा केली, आणि त्याच दिवशी न्यू साउथ वेल्सच्या प्रीमियर, म्हणजे राज्याच्या सरकारप्रमुख, ग्लॅडिस बेरेजिक्लियन यांनी ऑपेरा हाउसला सोडत दाखवण्याचा आदेश दिला. अक्षरे फक्त करंडकावर जी आहेत तेवढीच दिसतील, अशी सवलत त्यात होती. पंतप्रधान स्कॉट मॉरिसन यांनी ही इमारत म्हणजे सिडनीकडे असलेले सर्वांत मोठे होर्डिंग आहे अशा अर्थाचे विधान करून आदेशाचे समर्थन केले. विरोधाची ऑनलाइन याचिका काही दिवसांत 2,50,000 सह्यांच्या पुढे गेली. जोन्स यांनी पुढे आपल्या बोलण्याबद्दल माफी मागितली, पण आदेश मागे घेतला गेला नाही. 9 तारखेला चित्र पडले, 13 तारखेला शर्यत झाली आणि रेडझेल हा घोडा सलग दुसऱ्या वर्षी जिंकला.

चूक नेमकी कोठे झाली

आदेशाच्या बाजूने मांडला गेलेला सर्वांत दमदार युक्तिवाद असा, की ही इमारतच मुळात जुगाराच्या पैशातून उभी राहिली. ते खरेच आहे. 1957 मध्ये सुरू केलेल्या ऑपेरा हाउस लॉटरीने बांधकामाचा मोठा वाटा उचलला. पण लॉटरीचा पैसा वास्तूत गेला, लॉटरीचे नाव शिडांवर कोरले गेले नाही. तिकीट काढणाऱ्या सामान्य सिडनीकराने जे विकत घेतले ते नाट्यगृह होते, आणि 2018 मध्ये विजेऱ्या घेऊन आलेली माणसे बहुधा याच नात्याने आली होती. युक्तिवाद इतिहासाच्या ज्या पायरीवर उभा राहतो, त्याच पायरीवर तो उलटतो.

दुसरा युक्तिवाद असा, की खेळाडूंच्या सन्मानार्थ शिडे यापूर्वीही रंगवली गेली होती. हा अधिक अडचणीचा आहे, आणि माझ्या मते ऑपेरा हाउसची बाजू येथे थोडी लंगडी पडते. अपवादाचे धोरण असले, तरी अपवाद मोजण्याचे माप कोणाच्या हाती हे जर लेखी ठरलेले नसेल, तर दर वर्षी अपवाद वाढत जातात आणि पुढचा मागणारा आधीच्याकडे बोट दाखवतो. आयोजकांनी नेमके तेच केले.

असे असले तरी आदेशाचा खरा दोष मला वेगळ्याच ठिकाणी दिसतो. काम सोपवण्याच्या रीतीत ज्या पायऱ्या असतात, म्हणजे वास्तूच्या विश्वस्तांचा निर्णय, कलेच्या जाणकारांची निवड, पृष्ठभागाचा विचार आणि संवर्धन आराखड्याशी पडताळा, त्या सगळ्या एका दिवसात ओलांडल्या गेल्या. शर्यतीची चित्रे कुरूप होती म्हणून लोक चिडले असे म्हणता येणार नाही, कारण त्यांनी ती पाहण्याआधीच सह्या केल्या होत्या. ‘साँगलाइन्स’मध्ये एका दिवंगत कलावतीचे चित्र वापरताना जो संकोच पाळणे आवश्यक मानले जाते, त्याच्या शेजारी हा आदेश ठेवून पाहिला की अंतर ध्यानात येते.

आपल्याकडे एखाद्या जुन्या नाट्यगृहाच्या दर्शनी भागावर असे काम करवून घेण्याचा विचार कोणी करत असेल, तर करारात प्रोजेक्टर कोठे ठेवणार, वीज कोठून घेणार, मुदत किती, या बाबी लिहिल्या जातीलच, त्या कोणी विसरत नाही. विसरले जाते ते हे: अंतिम नकार देण्याचा अधिकार कोणाचा, तो वरिष्ठाला फिरवता येईल का, फिरवायचा तर लेखी कारण द्यावे लागेल का, आणि शिडावर वा भिंतीवर कोणती अक्षरे येऊ शकतात. प्रायोजकाचे आभार प्रवेशद्वाराजवळच्या पाटीवर मानावेत आणि भिंत मोकळी ठेवावी, एवढे एक कलम आधी लिहून ठेवले तरी पुढची बरीच भांडणे टळतात.

सिडनीत अपवादांचे माप आजही मुख्यतः सरकारच्या हाती आहे, आणि त्याचे हेलकावे 2023 मध्ये पुन्हा दिसले. राजे चार्ल्स यांच्या मे महिन्यातील राज्याभिषेकासाठी शिडे उजळण्यास नवे प्रीमियर ख्रिस मिन्स यांनी नकार दिला, आणि एका वेळचा खर्च 80,000 ते 1,00,000 डॉलर येतो हे कारण सांगितले. त्याच महिन्याच्या 24 तारखेला, भारताच्या पंतप्रधानांच्या भेटीनिमित्त, तीच शिडे केशरी, पांढऱ्या आणि हिरव्या रंगांत उजळली. भारतीय वाचकाला ते छायाचित्र पाहून आनंद झाला असेल तर तो स्वाभाविक आहे. त्या रात्री शिडांवर केवळ रंग होते, अक्षर एकही नव्हते, म्हणजे हेरन यांची रेघ पाळली गेली होती. मात्र ते रंग कोणत्याही कलावंताला सोपवलेले काम नव्हते, आणि पुढच्या शुक्रवारी, 26 मे रोजी, व्हिव्हिड सुरू होऊन त्याच टाइल्सवर ओल्सेन यांची चित्रे आली.